शेताचं नाव कुठे शोधायचं? गावाच्या जुन्या मोजणी कागदांतून वाट

सातबाऱ्याच्या डोक्यावर, गट नंबराच्या आसपास, एक छोटा रकाना असतो: ‘शेताचे स्थानिक नाव’. असंख्य उताऱ्यांवर तो कोरा सोडलेला दिसतो. त्याच शेताच्या मालकाला बांधावर उभं राहून विचारलं तर तो गट नंबर सांगत नाही. ‘चिंचेची पट्टी’, ‘लवण’, ‘देवाचं’, ‘खालचा मळा’ असं काहीतरी सांगतो. घरात, चुलीपाशी, वाटणीच्या भांडणात हेच नाव चालतं. सरकारदरबारी मात्र आकडा चालतो.

हे नाव कागदावरून कधी गेलं, आणि जुन्या मोजणीच्या दप्तरात ते अजून कुठे कुठे शिल्लक आहे, ते इथे पाहू. गावाचा इतिहास लिहायला बसलेल्यांना, जुन्या वाड्याची किंवा देवळाची जागा शोधणाऱ्यांना आणि बुजलेली वाट मोकळी करू पाहणाऱ्यांनाही हेच कागद लागतात.

नंबर कसा आला

पेशवाईत जमीन नावाने ओळखली जायची. देशावर मोठ्या धारणेला ‘थळ’ म्हणत. थळाला बहुधा ते मूळ कसणाऱ्या घराण्याचं नाव असे, आणि घराणं गाव सोडून गेलं तरी थळाचं नाव टिकून राही. कुठलं थळ कोणाकडे, किती, याची यादी म्हणजे ‘थळझाडा’. क्षेत्र काठी, पांड, बिघा, चाहूर यांत लिहीत: २० काठ्यांचा एक पांड, २० पांडांचा एक बिघा, १२० बिघ्यांचा एक चाहूर.

इंग्रजांनी १८३६ साली इंदापूर तालुक्यात नवी आकारणी लागू केली. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी घडवलेली ही पद्धत पुढे मुंबई इलाखाभर गेली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम पक्के झाले. या पद्धतीत मोजणीचा एकक शेतकऱ्याचं शेत नव्हतं. एका बैलजोडीने जेवढी जमीन कसता येईल तेवढीचा एक नंबर पाडायचा असा दंडक होता: हलक्या जिरायतीत सुमारे २० एकर, मध्यम जमिनीत १५, भारी जमिनीत १२ आणि भातशेतीत ४. त्यामुळे दोन-तीन लहान, वेगवेगळ्या नावांची शेतं एकाच सर्व्हे नंबरात गेली आणि एखादं मोठं थळ चार नंबरांत फुटलं. नाव आणि नंबर यांची सीमा पहिल्याच दिवशी वेगळी झाली. ‘या नंबराचं नाव काय?’ या प्रश्नाला पुष्कळदा एक उत्तर मिळत नाही ते त्यामुळे.

त्याच सुमारास, १८४५ ते १८८० या काळात, स्कॉटलंडमध्ये ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याची माणसं पॅरिशगणिक ‘नावांच्या वह्या’ भरत होती. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गावांचा पुंजका. त्या वह्यांत नकाशावर घालायचं नाव, त्याची वेगवेगळी रूपं, ते रूप कोणी सांगितलं, जागा नेमकी कुठे आणि थोडं वर्णन असे रकाने होते. शेतघर, ओढा, पडका वाडा, गिरणी, सगळ्याला जागा होती. फरक हेतूचा होता. तिथला नकाशा सर्वांच्या वापरासाठी होता, आपल्याकडची मोजणी साऱ्यासाठी. साऱ्याला क्षेत्र लागतं, जमिनीची प्रत लागते, खातेदार लागतो. नाव लागत नाही. म्हणून आपल्याकडे तशी वही नाही आणि नावं दहा कागदांच्या कडेकडेने वेचावी लागतात.

कोणत्या कागदात काय असतं

एका गावाच्या मूळ मोजणीतून अनेक कागद निघाले. त्यांतल्या बहुतेकांच्या नकला तालुक्याच्या भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयात मागता येतात. जुने सातबारे आणि फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात.

गावनकाशा हा सुरुवातीचा कागद. जुने नकाशे पुष्कळदा १ इंचाला ६६० फूट, म्हणजे मैलाला ८ इंच, या प्रमाणात आहेत. त्यावर नंबर, शीव, ओढे, गाडवाटा, विहिरी, देऊळ आणि गावठाणाचा ठिपका दिसतो. गावठाणाच्या आत मात्र काहीच नाही, कारण तिथे सारा नव्हता.

आकारबंद म्हणजे प्रत्येक नंबराचं क्षेत्र आणि आकार, म्हणजे त्यावर बसवलेला सारा. शेतवार पत्रकात त्याला खातेदाराची जोड मिळते. गुणाकार बुकात क्षेत्र कसं काढलं त्याचा हिशेब असतो आणि प्रतबुकात मातीची आणेवारी, म्हणजे तिची प्रत आण्यांत. प्रतबुक वाचताना जमिनीचे दोष बघा: चुनखड, उतार, उपळवट (खालून पाणी पाझरणं). ‘उपळी’ नावाच्या शेताला प्रतबुकातही उपळवट लावलेली सापडली, तर नावाचा अर्थ दीडशे वर्षांपूर्वीच्या मोजणीदाराच्याच साक्षीने मिळाला असं समजा.

पण सगळ्यांत बोलका कागद टिपणाचा. त्याच्याकडे जरा जवळून पाहू.

टिपण म्हणजे बांधावर उभं राहून काढलेली शेताची कच्ची आकृती. ती प्रमाणात नसते. आकृती बघून ‘शेत असं लांबट आहे’ असा निष्कर्ष काढला की फसलंच; खरं माप आकड्यांत आहे. मोजणी शंकू आणि साखळीने झाली. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे, म्हणजे एक आणा २ फूट पाऊण इंचाचा. शेतातून एक लांब पायारेषा टाकायची आणि बांधाच्या प्रत्येक कोपऱ्यापासून तिच्यावर काटकोनात लंब मोजायचा. काटकोन साधायचं साधन म्हणजे शंकू.

समजा पायारेषा २० साखळ्यांची आहे. डाव्या कोपऱ्याचा लंब ९ साखळ्या, उजव्याचा ७ साखळ्या ८ आणे. दोन त्रिकोण झाले. दोन्ही लंबांची बेरीज साडेसोळा, गुणिले २०, भागिले २: उत्तर १६५. एक साखळी गुणिले एक साखळी म्हणजे ३३ गुणिले ३३ फूट, १,०८९ चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा. त्यामुळे १६५ हे उत्तर सरळ गुंठ्यांतच आलं. ४० गुंठ्यांचा एकर, म्हणून ४ एकर ५ गुंठे. आजच्या मापात सुमारे १ हेक्टर ६७ आर. गुंठ्याचं माप साखळीतून आलं हे एकदा ध्यानात बसलं की गुणाकार बुकाची भीती जाते.

इथे हमखास होणारी चूक अशी: ‘७-८’ असं लिहिलेलं माप कोणी ७.८ म्हणून वाचतो. ८ आणे म्हणजे अर्धी साखळी, ७.५. वरच्या उदाहरणात ही चूक केली तर क्षेत्र १६८ गुंठे येतं, तीन गुंठे हवेतून. दुसरी अडचण साखळीची. वापरून कड्या झिजल्या की साखळी लांबते आणि मोजलेलं अंतर प्रत्यक्षापेक्षा कमी भरतं. साखळी शंभराला एक या हिशेबाने वाढली तर क्षेत्रात शंभराला सुमारे दोनची तूट येते. जुन्या क्षेत्रात आणि आजच्या यंत्रमोजणीत थोडा फरक दिसला म्हणून लगेच अतिक्रमणाचा संशय घेऊ नये.

टिपणावर आकड्यांशिवायही बरंच काही असतं. हद्दीचे दगड, शेजारच्या नंबरांचे आकडे, आणि पायारेषेने वाटेत जे जे ओलांडलं ते: ओढा, वाट, विहीर. गावनकाशावर नसलेली जुनी विहीर टिपणात सापडते आणि ‘पडक्या विहिरीचं शेत’ या नावाचा उलगडा होतो.

पोटखराबा नीट वाचा

नंबरातली जी जमीन लागवडीस अयोग्य म्हणून साऱ्यातून वगळली ती पोटखराब. सातबाऱ्यावर तिचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन वर्ग दिसतात. ‘अ’मध्ये खडक, नाला यांच्याबरोबर खातेदाराची शेतघरं आणि खळीही येतात. ‘ब’मध्ये सार्वजनिक कामाला ठेवलेली किंवा लोकांच्या वापरातली जमीन येते: रस्ता, मान्य पायवाट, इतरांच्याही उपयोगाचा ओढा किंवा तळं, दहन-दफनाची जागा, पिण्याच्या पाण्याची जागा, कुंभारकामासाठी दिलेली माती. एखाद्या नंबरात तीन-चार गुंठे ‘ब’ दिसले आणि आज तिथे काहीच दिसत नसेल, तर तिथे काहीतरी होतं. ते काय होतं हे टिपण आणि जुना नकाशा सांगतो.

दुमाला जमिनींचा गाव नमुना ३ याच कामाचा. देवस्थान इनाम, पाटीलकी-कुलकर्णीपणाच्या वतनाच्या जमिनी, गावकामगारांच्या जमिनी यात येतात. ‘देवाचं शेत’ नेमकं कोणत्या देवाचं, आणि ज्या देवळाचा आज दगडही नाही त्या देवळाच्या दिवाबत्तीची सोय कुठून होत होती, हे अशा नोंदींतून कळतं. इमारत पडली तरी तिच्या नावाचं इनाम दप्तरात राहतं.

नाव दोनदा पुसलं गेलं

वारसांत वाटण्या झाल्या तसे नंबरांचे हिस्से पडले: ४५/१, ४५/२अ. त्यांचा नकाशा म्हणजे फाळणी, आणि आकाराची वाटणी आकारफोड पत्रकात. पुढे दुरुस्त्या कमी-जास्त पत्रकात, ज्याला सगळे कजाप म्हणतात. मग १९४७ च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्याखाली जिथे जिथे एकत्रीकरण योजना राबवली गेली तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. ज्यांना ‘सर्व्हे नंबर ४५ म्हणजे जाधवांचं थळ’ हे तोंडपाठ होतं, त्यांचा तोही धागा तुटला.

हा सांधा जोडायचा कागद म्हणजे एकत्रीकरण योजनेचा उतारा, बोलीभाषेत ‘नऊ तीन, नऊ चार’. त्यात जुना सर्व्हे आणि हिस्सा कोणत्या गटात गेला ते असतं. हा उतारा हातात नसताना जुना आकडा नव्या नकाशावर शोधू नका. सर्व्हे नंबर ४५ आणि गट नंबर ४५ गावाच्या दोन टोकांना असू शकतात.

फेरफार नोंदी मात्र मन लावून वाचाव्यात. नमुना ६ मधला मजकूर तलाठ्याने हाताने लिहिलेला असे आणि वाटपाच्या नोंदीत ‘पैकी विहिरीकडील पट्टी’, ‘वरचा तुकडा’, ‘आंब्याखालील’ असे शब्द अवचित भेटतात. हक्कनोंदणी विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाली, म्हणजे पहिल्या वह्यांत लिहिलेली माणसं एकोणिसाव्या शतकातली नावं तोंडात घेऊन वावरत होती.

सगळा महाराष्ट्र एका दप्तराचा नाही

वर सांगितलेलं मुख्यतः मुंबई इलाख्याचं. वऱ्हाडात पद्धत त्याच वळणाची. नागपूर, भंडारा, चांदा (आजचं चंद्रपूर) या बाजूला मध्य प्रांताचं दप्तर. तिथे खसरा म्हणजे शेतवार नोंद, मिसल बंदोबस्त म्हणजे जमाबंदीचं मूळ दप्तर, आणि गावाच्या वहिवाटीची नोंद करणारे निस्तार पत्रक व वाजिब-उल-अर्ज. सरपण कुठून आणायचं, गुरं कुठे बसवायची, मेलेलं जनावर कुठे टाकायचं, प्रेतं कुठे न्यायची, हे जागेसकट लिहिण्याची त्यात सोय आहे. स्थलनामांच्या दृष्टीने हा खजिनाच.

मराठवाड्यात निजामाचं राज्य होतं, म्हणून जुने कागद उर्दूत. तिथे १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक हा महत्त्वाचा टप्पा. गावांच्या यादीत ‘बेचिराग’ असा शेरा असलेली मौजे दिसतात. बेचिराग म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते, ओस गाव. गावाला शीव आहे, नंबर आहेत, माणूस नाही. अशा मौजात ‘पांढरी’ नावाचं शेत शोधा. पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पिढ्यान् पिढ्यांची राख आणि पडक्या भिंतींची माती यांनी जमीन पांढुरकी होते. काळी कसायची, पांढरी राहायची. पुरातत्त्वाचे अभ्यासक जुन्या वसाहतींची टेकाडं शोधताना या नावावर विसंबतात ते याच कारणाने.

गोव्यात चित्र जरा सुखाचं. तिथल्या फॉर्म १ व १४ वर, म्हणजे तिथल्या सातबाऱ्यावर, शेताच्या नावाचा रकाना आहे, आणि पोर्तुगीज काळातल्या नोंदणीत मालमत्ता नावाने आणि चतुःसीमेने ओळखली जायची.

गावठाण: घरांची नोंद कुठे आहे

शेतांची मोजणी झाली तरी गावठाणातली घरं मोजायची राहून गेली. पुढे दोन हजारांहून अधिक वस्तीच्या गावठाणांचं भूमापन कायद्याने सुरू झालं. १:५०० प्रमाणाचा नकाशा, मालकीची चौकशी, मग सनद आणि मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), असा क्रम. लोक मिळकत पत्रिकेवर थांबतात. त्यामागची चौकशी नोंदवही मागा. जागा कोणाकडून, कशी आली, शेजाऱ्याची हरकत काय, वाटेचा हक्क कोणाचा, हे तिच्यात असतं. पत्रिकेवर त्याची एक ओळ उतरते.

लहान गावांत ग्रामपंचायतीचा नमुना ८ हाच आधार. ती कर आकारणीची वही आहे, दर चार वर्षांनी नवी होते, आणि तिच्यात घर मातीचं की दगड-विटांचं, मालक कोण, राहतो कोण, हे येतं. जुन्या वह्या एकापुढे एक ठेवल्या तर धाब्याचं घर कधी कौलारू झालं, कौलांवर पत्रा आणि पत्र्यावर स्लॅब कधी आला, हे कळतं. तिला मालकीचा पुरावा समजू नये; ती कराची नोंद आहे.

ज्या घराला कुठलीच मोजणी लागली नाही त्याची आकृती जुन्या खरेदीखतात सापडते. ‘पूर्वेस सार्वजनिक बोळ, पश्चिमेस गावकूस, दक्षिणेस अमक्याची बखळ, उत्तरेस मारुतीचा पार, या चतुःसीमेतील सहा खणांचे माळवदी घर, पुढे ओसरी, मागे परसू’, अशी ती भाषा. खण म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, साधारण पाच-सहा फूट, मिळालेल्या लाकडाच्या लांबीवर अवलंबून. बखळ म्हणजे पडीक, मोकळी जागा. शेजाऱ्याची बखळ लिहिली असेल तर तिथलं घर त्या साली पडलेलं होतं. अशी लगतची चार खतं जमली की एका आळीचा नकाशा कागदावर उभा राहतो. गावकूस, वेस, चावडी, तालीम, धर्मशाळा यांच्या जागा पक्क्या करायला याच्यासारखं साधन नाही.

२०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजली जातात. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत याची सुरुवातीची चाचणी झाली होती. उड्डाणाआधी हद्दीवर चुन्याची रेघ मारायची असते. ती राहिली तर वरून दिसते ती छपराची कड, भिंत नव्हे. आणि पागोळ्या शेजाऱ्याच्या जागेत पडत असतील तर वाद तिथूनच पेटतो. म्हणून ड्रोनच्या नकाशाचीही जमिनीवर पडताळणी करावी लागते.

वाचताना कुठे घसरतं

जुने मराठी कागद पुष्कळदा मोडीत आहेत. मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत आणि शब्द तोडून लिहीत नाहीत, त्यामुळे दोन नावं एकात मिसळतात. संशय आला तर त्याच लेखनिकाने तेच अक्षर दुसरीकडे कसं काढलं ते बघा, अंदाजाने वाचू नका. इंग्रजी नकाशांत अडचण उलटी. रोमन लिपीत ट-त, ड-द, ण-न, ळ-ल एकच होतात. तळं, टाळं आणि ताल एकाच रूपात येतात, आणि ते परत मराठीत आणताना नवंच नाव जन्मतं. असं बिघडलेलं नाव पुढे शासकीय पाटीवर जातं आणि दोन पिढ्यांत तेच खरं वाटू लागतं.

नावाच्या अर्थाची घाई करू नये. ‘खुर्द’ आणि ‘बुद्रुक’ ऐकून लोक गोष्टी रचतात. शब्द फारसीतून आलेले आहेत, धाकटं आणि थोरलं. आज खुर्द गाव बुद्रुकपेक्षा मोठं असेल, तरी नाव पडलं त्या वेळचा तो हिशेब आहे.

वही कशी घालायची

गावातली नावं जमवायची तर स्कॉटलंडच्या वहीचे रकाने उसने घ्यायला हरकत नाही. एका पानावर एकच नाव. नाव, ऐकू आलं तसं, ‘ळ’ आणि ‘ण’ सांभाळून. त्याची इतर रूपं. सांगणाऱ्याचं वय आणि त्याचं शेत कुठे, कारण ज्याचा बांध लागून आहे त्याची साक्ष वजनदार. मग गट नंबर, जुना सर्व्हे नंबर, हिस्सा. मग वर्णन: माती, उतार, पाणी, झाड, पडकं बांधकाम. शेवटी कागदात हे नाव कुठे आलं, साल आणि नोंद क्रमांकासह.

निदान तिघांना विचारा, आणि वेगवेगळे विचारा. पारावर एकत्र विचारलं की पहिला बोलतो तेच बाकीचे बोलतात. बायकांना आवर्जून विचारा. खुरपणीला, सरपणाला, पाण्याला त्याच जात होत्या, आणि बारीक जागांची नावं त्यांच्याकडे जास्त असतात. गुराख्यांकडे माळाची आणि डोंगराची नावं मिळतील, जी कोणत्याच उताऱ्यात नाहीत, कारण गायरानाला एकच मोठा नंबर पडलेला असतो.

नकाशावर नावाची हद्द पेन्सिलने आखा, नंबराच्या रेषेवर ओढून बसवू नका. तिघांनी तीन नावं सांगितली तर तिन्ही लिहा. एकाच शेताला वरच्या आळीत एक आणि खालच्या आळीत दुसरं नाव असू शकतं, आणि दोन्ही खरी असतात.